डाव्या हाताला माणूस

राहू, ता. दौंड
१२ ऑगस्ट २०२४

मल्हारी यास,

नमस्कार-आशीर्वाद काही लिहीत न्हाई. आईच्या दहाव्यापासून दोन वर्सं तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून पोस्टानं लिहितीय. ते बी रजिस्टर एडीनं. मिळालंच न्हाई असं म्हणायला तुला जागा नको.

काम एकच हाय. तुझं रक्त पायजे, दोन चमचे. आन् तुझ्या सृष्टीचं बी, थोडंसं.

जूनमध्ये दौंडला डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी जाऊन उभी राहिले, कारण आता सांज झाली की अंगणातली मोरी सुदिक दिसंना. पुण्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी थेंब घालून आत बघितलं आन् विचारलं, "लहानपणापासून अंधारात कमी दिसतं का हो तुम्हाला?" बेचाळीस वर्सांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी व्हय म्हणाले आन् तिथंच रडले.

मग त्यांनी पुण्याला बोलवलं. तिथं एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवतात आन् ठिपका चमकला की बटण दाबायचं. पाऊण तासात मी अकरा वेळा बटण दाबलं. ठिपके किती होते ते नंतर कळलं, आन् ते तुला सांगत न्हाई. मला मधलं तेवढं दिसतं, पाइपातून बघावं तसं. कडा समद्या गेल्या. रोगाचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. जन्माचाच हाय, रक्तातून आलेला.

माझं रक्त तपासलं त्यात एकाच जनुकात दोन चुका सापडल्या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही प्रतींवर एकेक चूक असंल तर रोग पक्का. दोन्ही चुका एकाच प्रतीवर असतील तर हे न्हवं, दुसरंच काहीतरी शोधायला पायजे. आई-आप्पा असते तर त्यांचं रक्त घेऊन कळलं असतं. ते न्हाईत. म्हणून भाऊ आन् भावाचं लेकरू.

पक्कं झालं तर माझं नाव यादीत जातं. उद्या औषधाची चाचणी निघाली तर यादीतल्यांना बोलवतात. एवढंच.

पुण्याला जा, रक्त दे, घरी जा. माझं तोंड बघायची गरज न्हाई. माझ्या सासरच्या बैठकीत पंचांसमोर तू उभा राहून म्हणाला होतास, "ती लहानपणापासून सोंगाडी हाय." त्या एका वाक्यावर मला माघारी धाडलं. त्या वाक्याच्या बदल्यात दोन चमचे जास्त होत न्हाईत.

गीता


कोरेगाव भीमा, ता. शिरूर
२६ ऑगस्ट २०२४

गिताबाई यांस,

रजिस्टर मिळालं. पोस्टमननं चाळीत मोठ्यानं नाव पुकारलं, लोकांना वाटलं मला कोर्टाची नोटीस आली. तुम्हाला तेच पायजे होतं.

तुम्ही सुईत दोरा ओवता. अख्ख्या राहूचे ब्लाउज शिवता. एवढं लांब पत्र एक रेघ न सोडता लिहिता. आन् म्हणे डोळे गेले. हे कसले डोळे, ज्यांना टाका दिसतो आन् मोरी दिसत न्हाई? पंचांसमोर मी जे बोललो ते आजबी बोलीन.

आमच्या घराण्यात असला रोग न्हाई. आप्पांनी तीस वर्सं मेंढरं राखली. अमावस्येला चार कोस चालून मेंढरांभोवती वाघूर, म्हंजी जाळी, लावायचे आन् काळी मेंढी कुठली ते लांबून सांगायचे. आईबी तशीच. मग तुमच्यात हे कुठून आलं? पुण्याच्या डॉक्टरला गिऱ्हाईक पायजे, तुम्हाला दया पायजे. दोघांचं जमलं.

आईच्या जागेवर दिवा ठेवला होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. पाचव्या दिवशी तुम्ही त्याला लाथ मारली, समद्या पाव्हण्यांसमोर. "दिसला न्हाई" म्हणालात. तेव्हाच मी तुमचं नाव टाकलं.

माझं म्हणाल तर मी रांजणगावला कंपनीची बस चालवतो, तीन पाळ्या, चाळीस माणसं. दर वर्षी डोळे तपासून सर्टिफिकेट घेतो. तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ मी न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाला, "गरुडाचे डोळे आहेत." माझ्या रक्तात काय सापडायचं न्हाई.

रक्त मिळणार न्हाई. पोरीच्या दंडाला सुई लावायचा विषय पुन्हा काढू नका.

मल्हारी


राहू
९ सप्टेंबर २०२४

मल्हारी यास,

तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या न्हाईत. "तक्त्यावरची बारीक ओळ" आली तशी त्यांनी मान वर केली आन् विचारलं, "भाऊ रात्री ठेचकाळतो का?"

तवापास्नं मला झोप न्हाई.

दिव्याचं तू लिहिलंस. त्याच सांजेला शिव्या देत तू माझ्या अंगावर आलास आन् उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडलास. लोकांना वाटलं दुःखानं. न्हावरे गावातल्या लग्नात वाढप्याच्या हातातलं तपेलं तू खांद्यानं उडवलंस आन् वर त्यालाच मारायला धावलास. आन् लहानपणी? मेंढरं घेऊन परतताना सांज झाली की आपण दोघं चंद्री मेंढीच्या लोकरीत हात घालून चालायचो. मी उजव्या बाजूनं, तू डाव्या. मला वाटायचं समदी पोरं तशीच चालतात. तुला बी तसंच वाटत असंल.

आप्पांना कसा न्हाई झाला ते बी विचारलं. आप्पांच्या एका प्रतीत चूक, आईच्या एका प्रतीत चूक. दोघांची दुसरी प्रत धड होती, तिच्यावर निभावलं. लेकराला दोन्हीकडची बिघडलेलीच आली की झालं. सख्ख्या भावंडात चारात एकाला येतो. आपण दोघंच होतो आन् दोघांना आला, असं मला वाटतंय.

सुईत दोरा कसा ओवते ते बी ऐक. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन जातीच्या पेशी असतात. एक अंधारात बघणाऱ्या, त्या कडेकडेनं जास्त. दुसऱ्या उजेडात बघणाऱ्या, अक्षर आन् रंग ओळखणाऱ्या, त्या मधोमध दाट. आपलं बिघडलेलं जनुक फक्त अंधाराच्या पेशीत कामाला येतं. त्या आधी मरतात. मधल्या शाबूत राहतात, म्हणून मला टाका दिसतो आन् तुला बारीक ओळ दिसते. तक्ता फक्त मधलं तपासतो. कडेनं येणारं माणूस तक्त्यावर नसतं.

पण मधल्या बी टिकत न्हाईत. त्यांच्यात काहीच बिघाड नसतो, तरी मरतात. बाई म्हणाल्या, अंधाराच्या पेशी जित्या असताना एक पदार्थ सोडत असतात. तो निरोपासारखा मधल्या पेशींना पोचला की त्या साखर आत ओढून घेतात. निरोप देणारी मेली की साखर दाराशी असून त्या उपाशी राहतात. आता परदेशात दोन वाटांनी काम चाललंय. एक म्हंजी बिघडलेल्या जनुकाची धड प्रत पडद्याखाली सोडायची. ते एका जनुकासाठी निघालंय, आपल्या न्हाई, आन् पेशी जित्या असतील तरच उपयोग. दुसरं म्हंजी तो निरोपाचा पदार्थच बाहेरून द्यायचा, चूक कुठल्याबी जनुकात असो. त्याची माणसांवर चाचणी आत्ता सुरू झालीय. गुण येईल का ते त्यांनाच ठाऊक न्हाई. खोटी आशा त्यांनी दिली न्हाई, मी बी देत न्हाई.

आता रक्त राहू दे बाजूला. बस सोड. उद्याच्या उद्या सोड. चाळीस माणसं घेऊन तू पाइपातून बघत चाललायस.

गीता


कोरेगाव भीमा
२१ सप्टेंबर २०२४

गिताबाई,

पेशी कुणाला काय निरोप धाडतात त्याचं कीर्तन मला नको. तुमचं पत्र मी ड्युटीवर असताना माझ्या बायकोनं, शितलनं, सही करून घेतलं आन् फोडलं. चार दिवस ती माझ्याकडं टकामका बघतीय. घरात विष कालवायचं ते कालवलंत.

चौदा वर्सं ड्रायव्हिंग करतोय. एक चलान न्हाई. अंधारात सगळ्यांनाच कमी दिसतं, त्याला हेडलाइट असतात.

तुमचा डाव मला कळतो. तुमचं वाटोळं झालं, आता माझं बघायचंय. संसार मोडून तुम्ही माघारी आलात, आईनं घेतलं. माझी नोकरी गेली तर मला माघारी जायला माहेर न्हाई.

कंपनीत एक शब्द जरी पोचला तर राहूला येऊन तुमचं शिलाई मशीन विहिरीत टाकीन. हे लेखी देतोय. ठेवा जपून.

मल्हारी


राहू
२८ नोव्हेंबर २०२४

मल्हारी,

जपून ठेवलंय.

दोन महिने वाट बघितली. थंडी पडलीय. तुझी पहिल्या पाळीची बस पहाटे साडेपाचला सुटते, तवा मिट्ट अंधार असतो आन् नदीकडून धुकं येतं. रस्त्याच्या कडेला बाया उभ्या असतात, अंगावर काळपट शाली, तोंडाला रुमाल.

कंपनीचा पत्ता मी काढलाय. कागद लिहून तयार हाय, खाली माझं नाव आन् फोन नंबर बी घातलाय. १५ डिसेंबरपर्यंत तू आपणहून वाटीतली तपासणी करून घेतली न्हाईस, तर १६ तारखेला कागद पोस्टात पडंल.

मशीन विहिरीत टाकायला दिवसा ये. रात्री आलास तर विहीर तुला सापडायची न्हाई.

गीता


कोरेगाव भीमा
१९ जानेवारी २०२५

गिताबाई,

झालं समाधान?

मागच्या आठवड्यात ऑफिसात बोलावलं. साहेबांपुढं चिठ्ठी होती, निनावी. "ड्रायव्हरला कडेचं दिसत नाही, अंधारात अजिबात दिसत नाही, तपासणी करा, नाहीतर माणूस मरेल." दुसऱ्या दिवशी मला पुण्याला पाठवलं. तुमची ती पांढरी वाटी. बटण हातात देऊन बसवलं. मी वाट बघत बसलो, ठिपकाच येईना. मला वाटलं मशीन बंद हाय. बाहेरच्या बाईला म्हणालो, "मॅडम, चालू करा की." ती म्हणाली, "दादा, मघाशीच चालू केलंय."

बस काढून घेतली. लायसनचं बी पत्र गेलं.

डिसेंबरात सणसवाडीच्या थांब्यावर रंगुबाई नावाची एक झाडूवाली बाई गाडीखाली येता येता वाचली. मांडीचं हाड मोडलं. धुकं होतं, तीच आडवी आली, तसा मी जबाब दिला आन् मिटलं होतं. आता तुमच्या चिठ्ठीमुळं ते बी उकरलं.

नाव घालणार होतात ना कागदावर? शेवटी भ्यालात आन् निनावी टाकलात. मला बहीण न्हाई. तुम्ही मेलात तरी मातीला येणार न्हाई.

मल्हारी


कोरेगाव भीमा
२७ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांना शितलचा नमस्कार.

हे पत्र मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही.

ती चिठ्ठी मी टाकली. गेटजवळच्या तक्रारपेटीत.

तुमचं सप्टेंबरचं पत्र मी फोडलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, उलट सुटल्यासारखं झालं. कारण मला आधीच माहीत होतं. मी पॅकिंगला आहे, ह्यांच्याच बसनं जाते. गेल्या पावसाळ्यात मागनं बघत होते. एक मोटारसायकलवाला डावीकडून घुसला आणि हे ढिम्म. मी ओरडले म्हणून वाचला. त्यानंतर मी रोज पहिल्या सीटवर बसायला लागले. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. मी गप्पा मारल्यासारखं बोलत राहायची. "डाव्या हाताला माणूस आहे बघा." "ती बाई हात करतेय, उजवीकडं सायकल." हे मान हलवायचे. बायका चेष्टा करायच्या, "शितलला नवऱ्याशिवाय करमत नाही." मीही हसायचे.

पाच महिने असं चालवलं. पाळी बदलून घेतली, सुट्टी घेतली नाही. २१ डिसेंबरला सृष्टीला ताप होता, मी घरी राहिले. त्याच दिवशी रंगुबाई.

संध्याकाळी हे आले, जेवले, आणि म्हणाले, "तू असतीस तर झालं नसतं." वन्सं, त्यांनी तेवढं एकदाच कबूल केलं. नंतर जबाबात लिहून दिलं की बाई आडवी आली. मी रंगुबाईंना दवाखान्यात बघून आले. त्या पायाला वजन बांधून पडल्या होत्या, आणि सुपरवायझर त्यांनाच सांगत होता की चूक तुमची.

मग मी चिठ्ठी टाकली.

हे समजतात ती तुम्ही टाकली. दिवसभर तुम्हाला शिव्या देतात, पण मला आणि सृष्टीला नीट वागवतात. खरं कळलं तर घर राहणार नाही. तुमचं-त्यांचं तसंही तुटलेलंच आहे. म्हणून हात जोडून मागते, तुम्ही नाही म्हणू नका.

तुमची,
शितल


राहू
४ फेब्रुवारी २०२५

शितल,

हात जोडायचे तर रंगुबाईला जोड.

पाच महिने! तू त्याला वाट सांगत होतीस आन् मागं चाळीस माणसं डुलक्या घेत होती. एका सकाळी तुला शिंक आली असती तर? नवऱ्याची लाज झाकायला तू दुसऱ्यांची लेकरं पणाला लावलीस. तुझ्या प्रेमाचं कौतुक माझ्याकडून होणार न्हाई.

पण तुला बोलायचा हक्क मला बी कमीच हाय. कंपनीला लिहिलेला माझा कागद अजून मशीनच्या खणात पडलाय. सोळा तारखेला मी पोस्टापर्यंत गेले. पेटीत हात घातला आन् काढून घेतला. म्हटलं, अजून चार दिवस देऊ. भावाची नोकरी घालवणारी म्हणून गाव बोट दाखवील, ही बी भीती होती. त्याला एवढ्या धमक्या दिल्या आन् वेळेला माझाच हात आखडला. एकवीसला त्या बाईचा पाय मोडला. मी सोळाला कागद टाकला असता तर ती आज झाडू मारत असती.

तुझ्यासाठी न्हाई, त्या पाच दिवसांसाठी मी चिठ्ठी माझ्या नावावर घेते. पण एक अट. जबाब बदलला पायजे. कसा करायचा ते तू बघ.

गीता


राहू
५ फेब्रुवारी २०२५

मल्हारी,

व्हय. चिठ्ठी मीच टाकली. माणसाच्या हाती पाठवली, म्हणून त्यावर पोस्टाचा शिक्का न्हाई. नाव घातलं न्हाई कारण तुझ्या धमकीला भ्याले. तू बरोबर ओळखलंस.

आता ओळखलंच हायस तर बाकीचं बी ऐक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भावाला बी हा रोग असंल, तवा मला आधी काय झालं सांगू? बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. बसस्टँडवर चहा घेत मी हसत होते. आता त्याला बी लोक धांदरट म्हणतील, आता तो बी भिंत चाचपत जाईल, आन् त्याला बी कुणी खरं मानणार न्हाई. तुला चाळीस माणसांचं लिहिलं ते खरंच होतं, पण त्याच्या खाली हे होतं. आई असती तर तिनं मला उभी चिरली असती.

मोरीच्या काठावर पडून माझा दात तुटला तवा बी आई म्हणाली होती, "बघून चाल." समद्यांनी तेच सांगितलं. बघूनच चालत होते रे.

तुला आता कळलं असंल, ठिपका न दिसणं म्हंजी काय. तो नसतोच. काळा डाग दिसत न्हाई, पोकळी दिसत न्हाई, जग तेवढंच हाय असं वाटतं. म्हणून रंगुबाई तुला आडवी आली असं वाटलं. ती आडवी आली न्हाई. ती तिथंच होती.

जबाब बदल. न्हाईतर या वेळी नाव घालून लिहीन.

गीता


हडपसर
१७ एप्रिल २०२५

आक्का,

हे पत्र मी हडपसरहून पोस्टात टाकतोय. तपासणीला आलो होतो. घरी लिहिता आलं नसतं.

तू खोटं बोलतीस, आन् तुला जमत बी न्हाई. साहेबांनी चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली तवा ती मी वाचली की. मधलं मला दिसतंय अजून. ते अक्षर शितलचं. तेरा वर्सं ती माझ्या डब्यावर कागद चिकटवतीय, "भाजी आधी खा" म्हणून. मला तिचं "र" कळणार न्हाई?

त्याच मिनिटाला मी ठरवलं की ही चिठ्ठी तुझी. शितलवर रागावलो असतो तर हात उचलला असता, मी मला ओळखतो. मग पोर घेऊन ती शिरूरला आईकडं गेली असती. आन् राग तर कुठंतरी टाकायलाच पायजे होता. तू आधीच तुटलेली होतीस. तुझ्यावर टाकला तर आणखी काय तुटणार, असा हिशोब केला. १९ जानेवारीचं पत्र मी शितलसमोर बसून लिहिलं, तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत. तू ते जसंच्या तसं अंगावर घेशील असं वाटलं न्हवतं.

रंगुबाईच्या घरी गेलो. शितल म्हणाली होती, "नुसतं बघून या." बाई वॉकर धरून दारात उभी होती. मी म्हणालो, "मावशी, मी तो ड्रायव्हर." तिनं ओळखलं. म्हणाली, "मी हात वर केला हुता की रं, बाबा. तू माझ्याकडंच तोंड करून आलास. मला वाटलं, आता थांबल, मग थांबल." दुसऱ्या दिवशी जबाब बदलून दिला. माझ्यावर केस होईल. होऊ दे.

कंपनीनं दिवसपाळीला स्टोअरमध्ये बसवलंय, ठेकेदाराच्या हजेरीवर. खोक्यांवरची लेबलं वाचतो. तेवढं मस्त दिसतं. शितल आता मागच्या सीटवर बसते.

मार्चमध्ये रक्त दिलं. सृष्टीचं बी. ती रडली न्हाई, मी तोंड फिरवलं. तुझ्या डॉक्टरीणबाई तुझ्याबद्दल बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं तुमच्या बसमधल्या लोकांची काळजी केली, स्वतःच्या यादीची नंतर." त्यांना तुझं बसस्टँडवरचं हसणं माहीत न्हाई. मी सांगितलं न्हाई.

पंचांसमोरचं वाक्य मागं घेता येत न्हाई. मला तवा बी अंधारात दिसत न्हवतं, आक्का. तुला खरं म्हणालो असतो तर मला बी दिसत न्हाई हे म्हणावं लागलं असतं. वीस वर्सांचं पोर मी, लग्न व्हायचं होतं. म्हणून तुला सोंगाडी केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

शितलला मला कळलंय हे कळू देऊ नको. तिला ते पेलणार न्हाई. तिच्यासमोर मी तुला शिव्याच देणार. रिपोर्ट तुझ्याकडं येईल तवा घरच्या पत्त्यावर पाठव, पण आधी ती उघडते. म्हणून मला तसंच लिही, जसं नेहमी लिहितीस.

मल्हारी


राहू
८ जुलै २०२५

मल्हारी यास,

निर्लज्जा, रिपोर्ट पाठवतीय ते केवळ डॉक्टरीणबाईंनी हुकूम केला म्हणून. न्हाईतर तुझ्यावर पोस्टाचं तिकीट लावायची माझी इच्छा न्हाई. मातीला येणार न्हाई म्हणालास, तर पत्र वाचायला बी येऊ नकोस. शितलला वाचू दे. तिला तुझ्यापेक्षा अक्कल जास्त हाय.

तुझ्यात दोन्ही चुका निघाल्या, माझ्यासारख्याच. माझ्यापेक्षा तुझ्या पेशी जास्त जित्या हायेत, म्हणून बाई म्हणतात पुढंमागं जनुकाचं औषध निघालं तर तुझा नंबर आधी लागंल. रक्त मी मागितलं आन् नंबर तुझा आधी. जन्मापासून असंच चाललंय. माझ्या मधल्या पेशींसाठी ती दुसरी वाट, ती इकडं आली तर. दोघांची नावं यादीत गेलीत. यादी म्हंजी औषध न्हवं, हे तुझ्या डोक्यात बसव.

रोग पक्का कशावरून झाला ते ऐक. तुझ्यावरून न्हाई झाला, तुझ्यात दोन्ही चुका हायेत म्हणून त्या एकाच प्रतीवर की वेगळ्या ते कळंना. सृष्टीवरून झाला. तिच्यात एकच चूक हाय, दुसरी न्हाई. म्हंजी तुझ्या दोन चुका दोन वेगळ्या प्रतींवर होत्या आन् पोरीकडं त्यातली एकच गेली. तिची दुसरी प्रत शितलची, आन् ती धड हाय. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की पोरीला हा रोग होणार न्हाई. अंधारात बिनधास्त पळू दे तिला. "बघून चाल" असं कुणी म्हणालं तर त्याचं थोबाड फोड.

सृष्टीचा कागद वेगळा पिन केलाय. लॅमिनेशन करून घे आन् पत्र्याच्या पेटीत ठेव. बसच्या कागदांत कोंबलास तर येऊन तुझी पेटी विहिरीत टाकीन, आन् ते बी दिवसाउजेडी, शितलला शेजारी उभी करून.

गीता